गरुडांची मापं: स्टेलर, हार्पी, फिलिपिन्सचा गरुड आणि आपल्या किनाऱ्यावरचा समुद्री गरुड

प्रश्न असा आहे: "सातवीतल्या मुलीला शाळेसाठी 'जगातला सर्वांत मोठा गरुड' असा तक्ता करायचा आहे. एका पुस्तकात स्टेलरचा समुद्री गरुड दिलाय, दुसऱ्यात हार्पी, तिसरीकडे फिलिपिन्सचा. आणखी एका ठिकाणी ऑस्ट्रेलियातल्या गरुडाचा पंखविस्तार २८४ सेंटिमीटर लिहिलाय. खरं काय धरायचं? आणि आपल्याकडचे गरुड यांच्या शेजारी केवढे दिसतील?"

आधी थेट उत्तर देतो. आज जिवंत असलेल्या गरुडांत सरासरी वजनाने सर्वांत जड स्टेलरचा समुद्री गरुड. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजलं तर सरासरीने सर्वांत लांब फिलिपिन्सचा गरुड. पायांची आणि नखांची ताकद पाहिली तर हार्पी, म्हणजे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या जंगलातला गरुड. म्हणजे तुमची तिन्ही पुस्तकं आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यांनी फक्त कशात मोठा ते सांगितलेलं नाही. चौथ्या आकड्यावर, त्या २८४ सेंटिमीटरवर, माझा विश्वास नाही. त्याचं कारण पुढे देतो.

मी पशुवैद्य आहे. गेली बावीस वर्षं मांजात अडकलेले, विजेच्या तारेवर भाजलेले, जाळ्यात गुंतलेले शिकारी पक्षी माझ्याकडे येतात. प्रत्येक पक्ष्याचं वजन आणि माप घ्यावंच लागतं, कारण औषधाची मात्रा त्यावर ठरते. मोजताना किती गफलत होऊ शकते हे मला त्यातून कळलं, आणि तुमच्या प्रश्नाचा अर्धा गुंता तिथेच आहे.

काही वर्षांपूर्वी कोकणातून एक समुद्री गरुड आला. पांढऱ्या पोटाचा, राखाडी पाठीचा, आपल्या सबंध किनाऱ्यावर दिसणारा. मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन पंखात रुतला होता. भूल दिलेली असताना मी आणि दोन सहकाऱ्यांनी आळीपाळीने त्याचे पंख पसरून टोकापासून टोकापर्यंत माप घेतलं. तिघांचे आकडे आले १९८, २०३ आणि २०७ सेंटिमीटर. पक्षी तोच, टेबल तेच, पट्टीही तीच. फरक एवढाच की कुणी सांधा किती ताणला. त्याचं वजन सकाळी रिकाम्या पोटी दोन किलो सहाशे ग्रॅम भरलं आणि दुसऱ्या दिवशी बांगडे खाल्ल्यावर दोन किलो नऊशे. शिकारी पक्ष्यांच्या गळ्याखाली अन्न साठवायची पिशवी असते. ती भरली की काटा लगेच वर सरकतो. मोठे गरुड एका बैठकीत किलोभर मांसही खाऊ शकतात. तेव्हा एखाद्या तक्त्यात 'कमाल वजन' म्हणून आकडा दिसला की पहिला विचार हाच करावा: पक्षी उपाशी होता की जेवलेला, रानातला होता की पिंजऱ्यातला?

हार्पीच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. पाळलेली एक हार्पी मादी १२.३ किलोची होती असं वाचायला मिळतं. असेलही. पण पिंजऱ्यात उडायला जागा नाही आणि खाणं वेळेवर, तिथे पक्षी अंगाने सुटतो, जाड होतो. रानातल्या हार्पी मादीचं वजन साधारण ६ ते ९ किलो आणि नराचं ४ ते ५ किलो. रानातली स्टेलर मादी ६.८ ते ९ किलोची आणि नर ४.९ ते ६.८ किलोचा. वरचं टोक दोघांचं जवळजवळ एकच आहे, पण स्टेलरचा नरही भारी असल्याने सरासरी काढली की स्टेलर पुढे जातो. शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी असते हे मुलीला तक्त्यात जरूर लिहायला सांगा. हार्पीमध्ये तर मादी नराच्या दीडपट, कधी जवळपास दुप्पट भरते. दोघं शेजारी बसले तर नवख्या माणसाला ते दोन वेगळ्या जातींचे वाटावेत.

आता २८४ सेंटिमीटरबद्दल. तो आकडा १९३१ साली टास्मानियात मारलेल्या एका पाचरीसारख्या शेपटीच्या गरुडाचा म्हणून सांगितला जातो. त्याच जातीचे ४३ पक्षी मोजले तेव्हा सरासरी पंखविस्तार २०४ सेंटिमीटर निघाला. सरासरीपेक्षा ८० सेंटिमीटर जास्त, म्हणजे सरासरी उंची साडेपाच फूट असलेल्या गावात कुणीतरी साडेसात फुटांचा सापडावा तसं. अशक्य म्हणत नाही, पण ताजा मेलेला पक्षी पाठीवर झोपवून पंख ओढले की किती वाढ दाखवता येते ते मी स्वतः टेबलावर पाहिलं आहे. शिवाय सुकवलेल्या कातडीवरून पंखविस्तार पुन्हा तपासता येत नाही. म्हणूनच संग्रहालयात काम करणारे लोक पंखविस्तारावर फार विसंबत नाहीत. ते दुमडलेला पंख मोजतात, मनगटाच्या सांध्यापासून सर्वांत लांब पिसाच्या टोकापर्यंत. त्या मापात ओढाताणीला वाव कमी असतो आणि शंभर वर्षांपूर्वीच्या नमुन्यावरही ते पुन्हा घेता येतं.

पंखविस्ताराचा मान द्यायचाच तर तो समुद्री गरुडांना द्यावा. स्टेलरचा १.९५ ते २.५ मीटर, आणि युरोप-आशियातल्या पांढऱ्या शेपटीच्या समुद्री गरुडाचा साधारण १.८ ते २.४५ मीटर. हा दुसरा वजनाने बराच हलका, मादी ४ ते ७ किलोच्या दरम्यान, पण पंखात स्टेलरच्या बरोबरीला येतो. हिवाळ्यात तो उत्तर भारतातल्या पाणथळ जागांवरही अधूनमधून दिसतो. हार्पीचा पंखविस्तार मात्र १.७५ ते २.२५ मीटर, आणि फिलिपिन्सच्या गरुडाचा १.८४ ते २.२ मीटर. म्हणजे आपल्या कोकणातला अडीच-तीन किलोचा समुद्री गरुड पंख पसरून आठ किलोच्या हार्पीशेजारी ठेवला तर पंखांत फारसा फरक दिसणार नाही. अंगाने मात्र हार्पी त्याच्या तिप्पट.

असं का होतं? हार्पी राहते मेक्सिकोच्या दक्षिणेपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंतच्या सदाहरित जंगलात. झाडांच्या फांद्यांमधून वळणं घेत तिला स्लॉथ (फांद्यांना लटकून राहणारा एक संथ प्राणी) नाहीतर माकड उचलायचं असतं. तिथे लांब पंख अडतात. म्हणून पंख आखूड आणि रुंद, वळण्यासाठी शेपूट लांब. उलट समुद्री गरुडाला उघड्या पाण्यावर तासन्‌तास तरंगायचं असतं, तिथे लांब पंख कामाला येतात. पंख बघून पक्ष्याचं वजन ठरवायला गेलात तर हमखास फसाल. रोज डोक्यावर फिरणारी घारच घ्या. पंख पसरले की दीड मीटरच्या आसपास, आणि वजन किलोभरही नाही. घार पहिल्यांदा हातात घेणारा माणूस "एवढीच?" असं म्हणतोच.

हार्पीचं खरं मोठेपण पायात आहे. पायाचा नडगीसारखा भाग लहान मुलाच्या मनगटाएवढा जाड असतो आणि मागचं नख आठ-नऊ सेंटिमीटरचं. नखाचा १३ सेंटिमीटरचा आकडा सगळीकडे फिरतो, तो मला पटत नाही. नख वक्र असतं. माप टोकापासून बुंध्यापर्यंत सरळ घेतलं की वळणावरून पट्टी फिरवून घेतलं, यावर बराच फरक पडतो. पण आठ सेंटिमीटर म्हणजे काय याची कल्पना हवी असेल तर आपलं मधलं बोट बघा. तेवढं लांब, काळं, टोकदार, आणि ते मिटवणारे स्नायू स्लॉथला फांदीवरून सोडवून घेण्याइतके बळकट. स्लॉथ झाडाला किती घट्ट धरून बसतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यातलं नवल कळेल. हार्पी घरटं बांधते ते बऱ्याचदा कापोकच्या उंच झाडावर. हे झाड आपल्याकडे पांढरी सावर म्हणून लावलेलं दिसतं, काटेसावरीचं नातलग. पनामाने २००२ साली हार्पीला राष्ट्रीय पक्षी केलं. एका जोडीचं एक पिल्लू वाढवण्यात दोन-तीन वर्षं जातात. म्हणून एक मादी मारली गेली तर त्या जंगलाचं नुकसान किती वर्षांचं होतं याचा हिशेब तुम्हीच करा.

फिलिपिन्सच्या गरुडाबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे. मला तो सर्वांत प्रिय आहे हे एक कारण. दुसरं असं की, त्याचा आपल्याशी एक धागा जुळतो जो फार थोड्या लोकांना माहीत असतो.

लांबी सुमारे एक मीटर, मादीचं वजन सहा किलोच्या आसपास, नर साडेचारच्या. डोक्यावर लांब, टोकदार पिसांचा तुरा, चोच खोल आणि बाजूंनी चपटी, डोळे निळसर करडे. १८९६ साली समार बेटावर इंग्रज संग्राहक जॉन व्हाइटहेड याला तो मिळाला आणि त्याच वर्षी त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. माकडं खातो असं स्थानिक लोकांकडून ऐकलं म्हणून शास्त्रीय नावातही 'माकडखाऊ' आलं, पण प्रत्यक्षात फिलिपिन्सच्या मिंडानाओ बेटावर तो जास्त करून कोलुगो, म्हणजे झाडाझाडांतून तरंगत जाणारा एक सस्तन प्राणी, आणि कांडेचोर मारतो. दिसायला हार्पीसारखा, म्हणून बराच काळ तो हार्पीचा नातलग समजला गेला. २००५ साली डीएनए तपासल्यावर कळलं की त्याचे जवळचे नातलग सर्पगरुड आहेत. हो, तेच सर्पगरुड, ज्यांच्यातला तुरेवाला पावसाळ्यानंतर सह्याद्रीत कुठल्याही दरीवर शीळ घालत घिरट्या मारताना दिसतो. आपल्याकडचा सर्पगरुड जेमतेम दीड-पावणेदोन किलोचा, साप-सरडे खाणारा. आणि त्याच कुळातला हा सहा किलोचा.

मग एकाच कुळात एवढा फरक कसा? उत्तर बेटांमध्ये आहे. मिंडानाओ, लुझोन, लेते, समार या बेटांवर वाघ-बिबटे कधी पोचलेच नाहीत. मोठं मांसाहारी जनावर नाही, आणि झाडांवर दोन-तीन किलोची शिकार भरपूर. आपल्या जंगलात बिबट्या जे काम करतो ते तिथे गरुडाच्या वाट्याला आलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याचं शरीर त्या कामाला वाढलं.

हेच न्यूझीलंडमध्ये आणखी टोकाला गेलं. तुमच्या प्रश्नात नामशेष गरुडाचा उल्लेख नाही, पण तक्त्यात त्याला जागा द्यायलाच हवी. हास्टचा गरुड. ज्युलियस फॉन हास्ट याने १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर सापडलेल्या हाडांवरून त्याचं वर्णन केलं. हाडांवरून काढलेला अंदाज असा: मादी १० ते १५ किलो, पंखविस्तार २.६ ते ३ मीटर. म्हणजे स्टेलरच्या जवळपास दीडपट वजनाचा. तो मोआ नावाच्या न उडणाऱ्या पक्ष्यांची शिकार करत असे, ज्यांतले सर्वांत मोठे २०० किलोच्या पुढे जात. मोआच्या कंबरेच्या हाडांवर त्याच्या नखांची छिद्रं सापडली आहेत. न्यूझीलंडमध्ये वटवाघळं सोडली तर जमिनीवरचे सस्तन प्राणीच नव्हते, त्यामुळे तिथे सर्वांत मोठा शिकारी आकाशातून यायचा. तेराव्या शतकाच्या अखेरीस तिथे माणूस पोचला, मोआ शंभर-दीडशे वर्षांत संपले आणि त्यांच्या मागोमाग गरुड.

आणि इथेही तो धागा आहेच. २००५ मध्येच त्याच्या प्राचीन डीएनएवरून दिसलं की त्याचे जवळचे नातलग म्हणजे ऑस्ट्रेलियातला 'लिटल ईगल' आणि बूटेड ईगल. बूटेड ईगल दर हिवाळ्यात महाराष्ट्रात येतो. माळरानावर, तलावाच्या काठावर, गावाच्या उकिरड्यावरही घारींमध्ये मिसळून उडतो आणि नव्वद टक्के लोक त्याला घारच समजतात. वजन पाऊण ते एक किलो. नोव्हेंबरात सोलापूर-नगरकडच्या माळावर हा छोटा गरुड दिसला की मला हास्टच्या गरुडाची आठवण येते. कूळ तेच, पण हास्टचा आकार याच्या दहा-पंधरापट.

स्टेलरचा विषय राहिला. गेओर्ग स्टेलर हा निसर्गाभ्यासक विटस बेरिंगच्या मोहिमेत १७४१ साली अलास्कापर्यंत गेला. पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन पुढे १८११ मध्ये पीटर पल्लास याने केलं आणि स्टेलरचं नाव त्याला चिकटलं. काळाभोर पक्षी, खांदे आणि शेपूट शुभ्र, आणि चोच गर्द नारिंगी-पिवळी, इतकी मोठी की चेहरा उरतच नाही. बहुतेक गरुडांच्या शेपटीत १२ पिसं असतात, याच्या १४. तो फक्त रशियाच्या पूर्व टोकाला, कामचात्का आणि ओखोट्स्क समुद्राच्या काठाने घरटी करतो. त्याच्या आकाराचं गुपित सामन मासा. (आपला रावस इंग्रजीत 'इंडियन सामन' म्हणवला जातो, पण तो वेगळा मासा.) सामन अंडी घालायला नद्यांत चढतात तेव्हा तिथे खाणं अफाट, आणि बाकीचे महिने थंडीचे. थंडीत मोठं शरीर उष्णता जास्त धरून ठेवतं. तीन-चार किलोचा मासा पाण्यातून ओढायला वजनही लागतं.

हिवाळ्यात यांतले बरेच पक्षी जपानमधल्या होक्काइदो बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर येतात. राउसू गावासमोर तरंगत्या बर्फावर त्यांचे थवे बसलेले असतात. तिथे त्यांना मासा कमी पडला की ते शिकाऱ्यांनी टाकलेल्या हरणांच्या अवशेषांवर उतरायचे, आणि मांसात राहिलेले शिशाचे कण पोटात गेल्याने मरायचे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हे लक्षात आलं आणि त्यानंतर होक्काइदोत शिशाच्या गोळ्यांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली. शिसं पोटात गेलेला पक्षी मी पाहिला आहे. पंख लोंबतात, मान सावरत नाही, विष्ठा हिरवी होते. आठ किलोचा गरुड असला तरी एका गोळीचे काही तुकडे त्याला पुरतात.

जाता जाता, गरुड माणसाचं मूल उचलून नेतो का, हेही मुलांच्या तक्त्यांत नेहमी असतं. गरुड स्वतःच्या वजनाच्या साधारण अर्ध्यापेक्षा जास्त ओझं घेऊन लांब उडू शकत नाही. बागेत मूल उचलणाऱ्या गरुडाचा जो व्हिडिओ अजून फिरतो, तो डिसेंबर २०१२ मध्ये मॉन्ट्रियलच्या विद्यार्थ्यांनी संगणकावर बनवलेला आहे. तो तक्त्यात घेऊ नका.

गरुड आणखी मोठे का होत नाहीत? हिमालयातलं गिधाड ८ ते १२ किलोचं असतं, माळढोक नर त्याहूनही जड. पण गिधाडाला उठायची घाई नसते, ते ऊन तापल्यावर वर चढणाऱ्या हवेवर स्वार होतं. गरुडाला शिकार पायात धरून, पंख मारत जागेवरून उठावं लागतं. लांबी दुप्पट केली की पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं पण वजन आठपट. नऊ किलोच्या आसपास हा हिशेब अवघड होतो, आणि आज जिवंत असलेले सर्वांत जड गरुड, स्टेलर आणि हार्पी, नेमके तिथेच थांबलेले दिसतात.

तक्त्यासाठी माझी सूचना अशी. कागदावर आकडे लिहून मुलांना काही कळत नाही. वर्गाच्या फरशीवर खडूने रेघा मारायला सांगा: स्टेलरची २.३ मीटर, हार्पीची २ मीटर, फिलिपिन्सच्या गरुडाचीही २ मीटर, कोकणच्या समुद्री गरुडाची २ मीटर, घारीची १.५ मीटर. मग प्रत्येक रेघेवर तांदळाच्या पिशव्या ठेवायच्या: स्टेलर मादीसाठी साडेसात किलो, हार्पी मादीसाठी साडेसात, फिलिपिन्सच्या मादीसाठी सहा, समुद्री गरुडासाठी तीन, घारीसाठी पाऊण. मधल्या तीन रेघा सारख्याच लांबीच्या आणि पिशव्या इतक्या वेगळ्या का, असं कुणीतरी विचारेलच. तेव्हा मुलीने हार्पीचं जंगल आणि कोकणचा किनारा, दोन्हींची चित्रं दाखवावीत. शेवटी जागा उरली तर तीन मीटरची एक तुटक रेघ हास्टच्या गरुडासाठी, त्यावर बारा किलोची पिशवी, आणि तिच्या शेजारी बूटेड ईगलची पाऊण किलोची.

फिलिपिन्सच्या गरुडाच्या रेघेपाशी एक नाव लिहायला सांगा, पाग-आसा. तगालोगमध्ये त्याचा अर्थ आशा. फिलिपिन्समधल्या दावाओ शहराच्या गरुड केंद्रात कृत्रिम रेतनातून, १५ जानेवारी १९९२ रोजी, तो अंड्यातून बाहेर आला आणि २८ वर्षं जगला. २०२१ च्या जानेवारीत तो गेला. रानात आज त्याच्या जातीच्या साधारण ४०० जोड्या उरल्या आहेत.